उंडीखालची पावलं

माझ्या वडिलांचे पुढचे दात म्हातारपणानं पडले नव्हते. ते आमच्या गावच्या खोतानं पाडले, कार्तिकातल्या एकादशीला, भर दिवसा, सगळ्या गावासमोर. मी तिथेच उभी होते. माझ्या हातात आरतीचं ताट होतं आणि मी ते खाली पडू दिलं नाही, एवढंच त्या दिवशी माझ्याकडून झालं. नंतर जे झालं ते मी घडवून आणलं. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही.

आमचं गाव बोर्ली पंचतनहून चालत जाण्याजोगं. तेव्हा तो मुलूख संस्थानात होता. वडील गावच्या शंकराच्या देवळाचे गुरव. झाडलोट, पूजा, नैवेद्य त्यांच्याकडे आणि उत्सवाच्या दिवसांत भजनाची वीणाही त्यांच्याच गळ्यात. मोठ्या साथीत माझा नवरा गेला आणि मी माहेरी परत आले, ती एकोणीसशे वीसच्या आधीची गोष्ट. विधवा मुलीनं भजनात तोंड उघडू नये असं गावातले काही जण म्हणत. वडील त्यांना एवढंच सांगत, "गळा काय इधवा व्हत न्हाय." त्यामुळे मी त्यांच्या मागे उभी राहून गात असे.

आमच्याकडे एक भजन होतं, त्याला सगळे ठावांचं भजन म्हणत. कोणा साधूनं ते रचलं होतं. त्याचं नाव कोणालाच माहीत नव्हतं, भजनातही नव्हतं. तो हरिहरेश्वराहून निघाला आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला चालत गेला. जिथे तो थांबला त्या प्रत्येक जागेचं, म्हणजे ठावाचं, एक कडवं होतं. कुठे झरा, कुठे ओहोटीला उघडा पडणारा खडक, कुठे मिठागराच्या बांधावरची घुमटी. सुरुवात अशी होती:

हरेश्वरी धुतो पाय, पुढे तांबडी ही वाट ।
कातळाच्या पोटी पाणी, तोच माझा पाणीघाट ॥

आणि आमच्या गावचं कडवं असं:

उंडीखाली टेकलो मी, पाय दगडी राहिले ।
चाल म्हणे सखा माझा, डोळां मागुती पाहिले ॥

उंडीचं ते झाड गावाबाहेर, समुद्राच्या बाजूला होतं. तिच्या बियांचं तेल आम्ही देवळातल्या दिव्याला वापरत असू. झाडाखाली एक काळा दगड आणि त्यावर कोरलेली दोन पावलं. दर कार्तिकात भजन गावातून निघायचं, तिथे जायचं, आरती व्हायची आणि सगळे परत यायचे. त्याला देऊळ नव्हतं, पुजारी नव्हता, उत्पन्न नव्हतं. त्यामुळे ती जागा कोणाची, हा प्रश्नही कधी कोणाला पडला नव्हता.

तो खोताला पडला. त्याच्या सुपारीच्या वाडीची हद्द उंडीच्या अलीकडे संपत होती. एका पावसाळ्यानंतर त्यानं दगडांचा नवा गडगा घातला आणि उंडी गडग्याच्या आत गेली. कार्तिकात आम्ही भजन घेऊन निघालो तेव्हा वाटेत गडगा आणि गडग्याला लाकडी बेडं, म्हणजे फाटक. बेड्यापलीकडे पाहिलं तर उंडी नव्हती. नुसतं खोड उरलं होतं. दगडही नव्हता.

खोत बेड्यापाशी उभा होता. अंगात सदरा, खांद्यावर उपरणं, हातात आडकित्ता. तो सुपारी कातरत होता आणि वडील गाणं न थांबवता पुढे गेले.

"कुठे चाललास?" त्यानं विचारलं.

"देवाच्या पायांपाशी," वडील म्हणाले. "दरसालचं हाय."

"इथे कुठला देव? कोणत्या कागदावर आहे? दाखव."

वडील कागदाचे नव्हते. त्यांनी आमच्या गावचं कडवं धरलं आणि बेड्यावरून पाय पलीकडे टाकला. खोतानं त्यांच्या गळ्यातली वीणा ओढली. दोरी तुटेना म्हणून त्यानं वडिलांना वीणेसकट गडग्यावर ढकललं. भोपळा फुटला. दांडी त्याच्या हातात राहिली आणि तीच त्यानं वडिलांच्या तोंडावर मारली. एकदाच मारली. मग दांडी टाकून तो उपरण्यानं हात पुसत वाडीत निघून गेला.

भजनाला सगळा गाव होता. पण गावातलं प्रत्येक घर खोताच्या जमिनीवर उभं होतं. कोणी पुढे आलं नाही. मी त्यांना दोष देत नाही, पण त्या वेळी कोण कोण खाली बघत होतं ते मला आजही आठवतं.

वडिलांचे दात गेले आणि शब्द फसफसू लागले. 'शिव' म्हणायला गेले की शिट्टी वाजे. देवळात लहान मुलं हसायची. मग ते गायचेच थांबले. खोतानं देवळाची सेवा त्यांच्याकडून काढून दुसऱ्या घराला दिली. वडील वर्षभर पडवीत बसून राहिले आणि पुढच्या पावसाळ्यात गेले. शेवटच्या दिवसांत एकदा मला म्हणाले, "पोरी, तो दगड कुठं टाकला असंल त्यानं?" मी म्हणाले, शोधते.

बारावं झाल्यावर मी आगबोटीनं रेवदंड्याला उतरले आणि बैलगाडीनं नागावला मामांकडे गेले. मामा मोजणीखात्यात होते, तेव्हा नुकतेच सेवेतून मोकळे झाले होते. मामी आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांच्या घराच्या माळ्यावर जमीन मोजायची साखळी, होकायंत्र, नकाशा काढायची फळी, सगळं व्यवस्थित पुसून ठेवलेलं होतं. मी त्यांना झालेलं सांगितलं. ते बहिणीच्या नवऱ्याची गोष्ट ऐकून रडतील असं मला वाटलं होतं. ते रडले नाहीत. म्हणाले, "त्यानं कागद मागितला ना?"

"हो."

"मग आपण कागद करू."

त्यांच्या मनात असं होतं की, ठावांच्या भजनातली प्रत्येक जागा शोधायची, मोजायची आणि एकाच नकाशावर आणायची. हरिहरेश्वरापासून नागावच्या पुढच्या मिठागरांपर्यंत. माझ्या मनात मात्र एकच जागा होती. बाकीच्या सगळ्या मी तिच्यापर्यंत पोचायच्या पायऱ्या समजत होते. मामांना हे कळत होतं. नकाशाची रेघ ओढताना ते म्हणायचे, "रागानं काढलीस की रेघ जाड येते."

"येऊ दे," मी म्हणायचे.

त्या कामात आमचे कितीतरी हिवाळे गेले. पावसाळ्यात मामा घरी बसून रेघा पक्क्या करत आणि मी नागावच्या बायकांना गाणी शिकवत असे. थंडी पडली की आम्ही पुन्हा निघायचो. मामा फळीवर वाकलेले, मी साखळीचं दुसरं टोक धरून पुढे. सुरुवातीला लोक हसत, कारण साखळी धरणारी बाई त्यांनी पाहिलेली नव्हती. मला हसण्याचं काही वाटत नसे. साखळी ताणताना मी मनात तो गडगाच मोजत असे.

ओहोटीच्या खडकाचं मला चांगलं आठवतं. भजनात म्हटलं होतं, पाणी हटलं की देव दिसतो. आम्ही एका म्हाताऱ्या मुसलमान तांडेलाला विचारलं. त्यानं होडीतून नेलं, पूर्ण ओहोटी लागेपर्यंत थांबवलं आणि पाणी खाली गेल्यावर बोटानं दाखवलं. खडकात पणतीच्या आकाराचा एक खळगा होता. "आम्हीपण इथे दिवा ठेवतो, दर्यात जायच्या अगोदर," तो म्हणाला. मामा कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि साखळी पकडून लहान मुलासारखे हसले. मी इतक्या वर्षांत त्यांना तेव्हाच तसं हसताना पाहिलं. मलाही हसू येत होतं, पण ते मी आवरलं. मला वाटलं, एकदा हसले तर राग सुटेल.

खरी कलाटणी मिठागरात मिळाली. तिथे बांधावर मीठ ओढणाऱ्या बायका ठावांचं भजन म्हणत होत्या, आमच्यापेक्षा वेगळ्या चालीत. आमचं गाव त्यांच्यातल्या एकीनंही पाहिलेलं नव्हतं. मी पहिलं कडवं म्हटलं, त्यांनी पुढचं उचललं, असं करत करत आमच्या गावचं कडवं आलं तेव्हा मी गप्प राहिले. त्या सगळ्या एका सुरात म्हणाल्या, उंडीखाली टेकलो मी, पाय दगडी राहिले.

मी विचारलं, "ही उंडी कुठं हाय, ठाऊक हाय का?"

"दक्षिणेला कुठं तरी," एक जण म्हणाली. "आमच्या आजीला बघायची व्हती. र्‍हायलंच."

"ती तोडली," मी म्हणाले. आणि कोणी तोडली, तेही सांगितलं. इतक्या दिवसांत मामांखेरीज कोणाला मी ते प्रथमच सांगत होते. त्या बायकांनी हातातली फावडी खाली ठेवली. त्या दिवशी मला कळलं की खोताची कुळं त्याला भीत असली तरी ठावांचं भजन म्हणणारे सगळे काही त्याची कुळं नव्हती.

नकाशा अलिबागच्या एका शिळाछापखान्यात छापला. छापखान्याच्या मालकाची आई ते भजन म्हणायची, म्हणून त्यानं आनंदानं काम केलं. एका लांबट कागदावर डाव्या बाजूला समुद्र, उजवीकडे डोंगर, मधे भजनाची वाट आणि प्रत्येक जागेशेजारी तिचं कडवं. आमच्या गावाशेजारी मामांनी उंडीचं झाड काढलं आणि खाली दोन पावलं. मी हट्ट धरला म्हणून त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'हल्ली खोतांच्या वाडीत'.

नकाशा भजनी मंडळांमधून हातोहात फिरला. नागावच्या भजनाचे बुवा होते, त्यांची स्वतःची मोठी वाडी होती आणि आवाज नगाऱ्यासारखा. त्यांनी ठरवलं की पुढच्या कार्तिकात सगळे ठाव पायी करायचे, उत्तरेकडून सुरुवात करून हरिहरेश्वराला शेवट. मी आणि मामा त्यांच्याबरोबर निघालो. मिठागरातल्या बायकाही निघाल्या. खाड्या होडीनं ओलांडत, मुक्काम करत, आम्ही आमच्या गावाच्या वेशीवर आलो तेव्हा जत्रेएवढी माणसं झाली होती.

मी इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली होती, तो आला आणि खोतानं तो हिसकावून घेतला. त्याला बातमी आधीच लागली होती. बेडं सताड उघडं होतं. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. खोत हात जोडून उभा होता, केस पांढरे, अंगानं मात्र भक्कम. प्रत्येकाला शहाळं देत होता. "आमच्या वाडीत देव आहे हे आमचं भाग्य," तो बुवांना म्हणाला. उंडीच्या खोडाजवळ सिमेंटचा ओटा आणि त्यावर नवा कोरा संगमरवर, त्यात दोन गुळगुळीत पावलं. खाली त्याच्या वडिलांचं नाव, स्मरणार्थ म्हणून.

लोक त्यावर डोकं ठेवू लागले. बुवांनी ठेवलं. मला वाटलं, आता हा मरेपर्यंत देवमाणूस म्हणून मिरवेल, आणि त्याला तसं मी केलं.

बायकांना पाय धुवायला मागच्या विहिरीवर पाठवलं. खोताची सून तिथे पाणी शेंदून देत होती. माझ्याहून वयानं लहान, पण चेहरा थकलेला. विहिरीपाशी धुण्याचा एक काळा दगड होता, पाट्यापेक्षा थोडा मोठा, वर साबणाचा पांढरा थर. मी त्यावर पाय टेकवणार, इतक्यात ती हळूच म्हणाली, "ताई, त्या दगडावर पाय नका ठेवू."

"का?"

तिनं बादली सोडली, राहाटाचा आवाज होऊ दिला आणि त्या आवाजात म्हणाली, "तो पालथा आहे. मी सून म्हणून आले त्या वर्षी गड्यांनी इथे आणून घातला. मी त्यावर रोज कपडे आपटते." मग तिनं बादली वर ओढली आणि पुढच्या बाईच्या पायांवर पाणी घातलं. माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. तिनं सांगितलं हे मी कोणालाही कधी कळू दिलं नाही, मामांनाही नाही.

मी मिठागरातल्या दोघींना हाक मारली. तिघींनी मिळून दगड उलटा केला. खालची बाजू चिखलानं भरलेली होती. मी पदरानं पुसली. पावलं होती, बोटांसकट. त्यातल्या एका टाचेवर लहानपणी मी बोट फिरवायचे ती चीर होती.

मी ओरडले नाही. बुवांना बोलावून आणलं. ते आले, त्यांच्या मागोमाग सगळे आले आणि शेवटी खोत आला. गडग्याबाहेर आमच्या गावची माणसंही जमली होती. बुवांनी वाकून ती पावलं आणि दगडाच्या कडेला ओघळलेला साबण पाहिला. मग खोताला म्हणाले, "हा इथे तुम्ही आणलात. आता परत तुम्हीच न्या."

खोतानं गड्यांना हाक मारली.

"गडी नकोत," बुवा म्हणाले. आवाज चढवलाही नाही. माणसं मात्र विहिरीभोवती अशी उभी राहिली की जायला एकच वाट उरली, ओट्याकडची. खोतानं सगळीकडे पाहिलं. त्याच्या मुलाकडे पाहिलं, तो दुसरीकडे बघत होता. मग त्यानं उपरण्याची चुंबळ केली. दोघांनी दगड उचलून त्याच्या डोक्यावर दिला.

बुवांनी वीणा माझ्या गळ्यात घातली. "तू म्हण," म्हणाले.

मी पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली. विहिरीपासून ओट्यापर्यंतची वाट काही फार मोठी नव्हती. ती मी मोठी केली. भजन म्हणणाऱ्याच्या पुढे कोणी जायचं नसतं, आणि मी वाटेत उभी राहत होते. धृपद दोनदा घ्यायचं तिथे चारदा घेतलं. चाल उतरवली, इतकी की टाळकऱ्यांना धरून ठेवणं जड जाऊ लागलं. खोत पावलागणिक दगड सावरत होता. साबणाचं पाणी त्याच्या कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं आणि दोन्ही हात वर असल्यानं त्याला ते पुसता येत नव्हतं.

अर्ध्या वाटेवर तो माझ्याशी बोलला. "बाई, खाली ठेवू का थोडा?"

"अजून कडवं संपलं नाही," मी म्हणाले आणि पुढचं उचललं.

मामा माझ्या बाजूला होते. त्यांनी माझ्या कोपराला हात लावला, पुरे अशा अर्थानं. मी कोपर काढून घेतलं. त्याला ओट्यापाशी पोचवलं तेव्हा मी आमच्या गावच्या कडव्यावर आले होते. दगड खाली ठेवून तो जो बसला तो दोघांनी धरल्याशिवाय उठला नाही. लोकांनी त्याच्याकडे न बघता पावलांवर डोकं ठेवलं. तो संगमरवर मी काढायला लावला आणि बेड्यापाशी पालथा घालून घेतला, येणाऱ्याजाणाऱ्यानं पाय पुसायला. हे मामांना पटलं नाही. हरिहरेश्वर होईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

खोताला माझं काही करता येत नव्हतं, पण त्या वैशाखात त्यानं माझ्या चुलतभावाला घर खाली करायला लावलं. भाऊ बायकामुलांसह नागावला आला आणि माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "तुझा सूड झाला, माजं घर गेलं." मी त्याला मामांच्या वाडीत खोपटाला जागा करून दिली आणि मिठागरात काम बघून दिलं. तो पुढे वाईट वागला नाही, पण ते वाक्य त्यानं परतही घेतलं नाही.

दर कार्तिकात भजन जात राहिलं. खोताची कंबर त्या दिवसापासून गेली होती. तो ओटीवर खाटेत असायचा. मी मंडळींना त्याच्या ओटीसमोर थांबवायचे आणि पूर्ण भजन म्हणायला लावायचे, एकही कडवं न गाळता. एका वर्षी त्याचा मुलगा बाहेर येऊन हात जोडून म्हणाला, "त्यांना त्रास होतो. जरा पुढे जाऊन म्हणा ना." मी त्याला म्हटलं, "त्रास होतो म्हणजे ऐकू येतं. बरं आहे." बुवांनी मान खाली घातली, पण मला अडवलं नाही.

मामा गेले, आणि त्यानंतर काही वर्षांनी खोत गेला. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या जरा आधी. मी तेव्हा नातलगांच्या लग्नासाठी बोर्लीला आले होते. तेराव्याचं जेवण सगळ्या गावाला होतं, आणि कोणी बोलावलं नव्हतं तरी मी गेले. बायकांच्या शेवटच्या पंक्तीत, अंगणात, पत्रावळ मांडून बसले. सून वाढायला आली. तिनं मला ओळखलं. भात वाढला, वरण वाढलं, मग तुपाची वाटी घेऊन पुन्हा आली आणि माझ्या भातावर तूप घातलं, मी पुरे म्हणेपर्यंत. मी लवकर पुरे म्हटलं नाही. पोटभर जेवले, भात पुन्हा मागून घेतला, आणि हात धुऊन बोर्लीच्या वाटेला लागले.